ईसीजी, इको, टीएमटी सगळं नॉर्मल. मग डॉक्टर गोळी का सुरू करा म्हणतात?

सुदामानगर_वहिनी

नमस्कार मंडळी. यांचं वय ४७, काम दिवसभर खुर्चीवर. ऑफिसच्या तपासणीत आकडे आले ते असे: एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड १९०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४०, उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०, कंबर ९८ सेंटिमीटर. बीपी १४४/९२, पण ते एकदाच घेतलं आणि तेही जिना चढून गेल्या गेल्या. सिगारेट नाही, तंबाखूची पुडी मात्र दिवसातून तीन-चार. सासऱ्यांना ५१ व्या वर्षी अटॅक आला होता.

ईसीजी, टूडी इको आणि टीएमटी तिन्ही नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणाले स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी) सुरू करू. यांचं म्हणणं, मशीन सांगतंय हृदय ठणठणीत आहे, मग गोळी कशाला? रिपोर्टवरही लाल अक्षरात काही नाही, नुसतं ‘बॉर्डरलाइन’.

प्रश्न तीन. हा रिपोर्ट वाचायचा कसा? इंदूरच्या घरात पोहे-शेव-जिलबी सोडून जगता येत नाही, तर नेमकं काय आणि किती कमी करायचं? आणि रात्री छातीत दुखलं तर गॅस की हार्ट, हे घरच्याने ओळखायचं कसं?

ठोके_७२

वहिनी, तिन्ही तपासण्या खोटं बोलत नाहीत. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाहीच.

ईसीजी ही साधारण दहा सेकंदांतली विजेची नोंद. जुन्या अटॅकची खूण, ठोक्यांची अनियमितता किंवा त्या क्षणी चालू असलेला त्रास त्यात दिसतो. पुढच्या महिन्यातलं काही दिसत नाही. इकोमध्ये हृदयाचा पंप किती जोरात चालतो आणि झडपा नीट उघडमिट करतात का, एवढं कळतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत काय साचलंय, ते इकोला दिसत नाही. टीएमटीत पट्ट्यावर पळवून बघतात की वाढलेली मागणी पुरी होते का. धमनी साधारण ७० टक्के अरुंद झाली की मग ती टीएमटीत पकडली जाते, त्याच्या आतलं सहसा सुटतं. आणि गोम इथेच आहे. कित्येक अटॅक अशा ठिकाणी येतात जिथे अडथळा ३०-४० टक्केच होता, पण त्या चरबीच्या थरावरचं आवरण पातळ होतं. ते फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाट बंद. आज नळाला नर्मदेचं पाणी जोरात आलं, एवढ्यावरून पाइपच्या आतला गंज कळतो का?

गंज किती वेगाने चढतोय ते रक्ताचे आकडे, बीपी, तंबाखू आणि घराणं यांवरून कळतं. तुमच्या कागदावरून एक वजाबाकी करा: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा. २१४ उणे ३६, म्हणजे १७८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात मी एलडीएलपेक्षा याच आकड्यावर जास्त विसंबेन. कारण बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: २१४ उणे ३६ उणे (१९० भागिले ५) बरोबर १४०. तुमच्या रिपोर्टवरचाच आकडा आला, बघा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणितच चालत नाही. यांच्यासारख्या माणसात नॉन-एचडीएल १३० च्या खाली आणि एलडीएल १०० च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांच्यासाठी मर्यादा याहून बरीच कडक.

‘बॉर्डरलाइन’ या शब्दाने फार लोक फसतात. लॅब प्रत्येक आकडा सुटा बघते, धमनी सगळे एकत्र सोसते. कंबर पुरुषात ९० सें.मी. च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० च्या वर, बीपी १३०/८५ च्या वर. या पाचांपैकी तीन असले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यांच्यात बीपीची खात्री व्हायची आहे, बाकी चार आत्ताच आहेत. शिवाय वडिलांना ५५ च्या आधी अटॅक. (आई किंवा बहीण असेल तर ही रेषा ६५.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दक्षिण आशियासाठी वेगळे धोका-तक्ते दिले आहेत: वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरून दहा वर्षांतला धोका निघतो. त्यात घराण्याचा आणि चघळायच्या तंबाखूचा रकाना नाही, म्हणून यांचा धोका तिथे कमी दिसेल. तक्ता दाखवून हे ‘बघ, मी हिरव्यात’ म्हणाले तर लगेच मान डोलावू नका.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण. ही पातळी जन्मतः ठरलेली असते, पथ्याने हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केली तरी पुरते. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर बाकीच्या आकड्यांशी आणखी कडक वागायचं, आणि भावंडांनाही करायला सांगायचं. दोन, गोळीबद्दल अजूनही वाद असेल तर सीटीवर होणारा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचलंय त्याचा आकडा. १०० च्या वर आला की वाद संपला. शून्य आला तर धोका कमी, हे खरं. पण तंबाखू आणि वडिलांचा इतिहास असताना शून्य म्हणजे सुटीचं पत्र नव्हे.

बीपीचा तो १४४/९२ मात्र बाजूला ठेवा, जिना चढून घेतलेलं बीपी कामाचं नाही. दंडाचं डिजिटल यंत्र आणा, मनगटाचं नको. पट्ट्याचा आकार दंडाच्या घेराप्रमाणे घ्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच चढतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं काही नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत. हात खाली लोंबत ठेवला तर आकडा दहा-दहाने वर जातो, आणि मध्ये बोललं तरी वाढतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या, सकाळी गोळी-चहाच्या आधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर ते खरं वाढलेलं बीपी. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं घ्या. ज्या हातात जास्त, पुढे कायम तोच.

पथ्यपाणी

दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडे द्या. पोहे सोडायची गरज नाही. इंदुरात पोहे हा दोषी नाहीच, त्याच्यावर जे पडतं आणि शेजारी जे येतं ते दोषी.

शेवेच्या कोणत्याही पाकिटाची मागची बाजू वाचा. १०० ग्रॅममध्ये ३५ ते ४५ ग्रॅम तेल सापडेल. पोह्यांवर आपण ‘थोडीशी’ म्हणून मूठ टाकतो ती २५-३० ग्रॅमची, म्हणजे दहा-बारा ग्रॅम तेल पोह्यांच्या फोडणीखेरीज. वर जीरावन मसाला, त्यात काळं मीठ. शेजारी जिलबी. मग बारा वाजता भूक लागते, कारण पोटात तांदूळ, साखर आणि तेल गेलं, प्रथिन काहीच नाही. हेच ताट उलटं करा: पोहे निम्मे, त्यावर वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, कांदा-कोथिंबीर-लिंबू भरपूर, शेव चहाच्या चमच्याने एक, मुठीने नाही. उसळ-पोहे आपल्या इंदूरचेच आहेत, नवीन काही शिकायचं नाही. जिलबी रविवारी, दोन वेढे.

घरात किती तेल-मीठ जातं ते ताटात मोजता येत नाही. डब्यात मोजा. मिठाची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्यात बाहेरचं-घरचं सगळं आलं. चौघांचे महिन्याला ६०० ग्रॅम. लोणचं, पापड, शेव, सॉस यांतलं मीठ त्यातच धरायचं असल्याने एक किलोचं पाकीट चौघांच्या घरात दोन महिने पुरायला हवं. महिन्यातच संपत असेल (आणि गुळण्यांना नेत नसाल) तर उत्तर मिळालं. कणकेत, भातात मीठ घालणं आधी बंद करा, पंधरा दिवसांत जीभ सरावते. ताकात, कोशिंबिरीत, चिरलेल्या पेरूवर वरून घालायचं ते नंतर.

तेल माणशी दिवसाला २० ग्रॅम, चहाचे सपाट चार चमचे. चौघांना महिन्याला अडीच लिटरच्या आसपास. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढंच वेगळ्या बरणीत काढा आणि ते कधी संपतं ते बघा. शेंगदाणा, सरकी, मोहरी, सोयाबीन यांपैकी आलटून-पालटून काहीही. तळणीचं उरलेलं तेल फोडणीला वापरा, पुन्हा तळायला नको. बाहेर कढई दिवसभर तीच असते, म्हणून सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) घास खाल्ला तरी महिन्यातून एखादी रात्र; दर शनिवारी नव्हे. हिवाळ्यात गराडू (कंदाचे तळलेले तुकडे) घरी करायचे तर आधी उकडून थोड्या तेलात तव्यावर परता. लिंबू-मसाला तोच, तेल चौथाई.

भर कशाची घालायची तेही सांगते, कारण नुसतं काढत गेलं की पथ्य आठवड्यात मोडतं. विरघळणारा चोथा दिवसाला ५ ते १० ग्रॅम वाढला तर एलडीएल साधारण पाच टक्के उतरतं. मटकी, हरभरा, राजमा, ओट्स, जव, पेरू, सफरचंद यांतून तो येतो. इसबगोल तर आपल्याच नीमच-मंदसौरकडचा: रात्री एक मोठा चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात आणि लगेच प्यायचा, कोरडा गिळला तर घशात अडकतो. गोळ्यांपासून दोन तास लांब. मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, बिनमिठाचे, खारवलेले नव्हेत.

ट्रायग्लिसराइड १९० हे तेलापेक्षा साखर, मैदा आणि असेल तर दारू यांचं काम. चहात दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे ४०-५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. तिथून सुरुवात करा, बाकी सगळ्यापेक्षा लवकर हलेल हा आकडा.

बाफलेप्रेमी

सगळं मान्य, पण तुपाला मध्ये आणू नका. साजूक तूप हृदयाला चांगलं असतं, आपल्या आजोबांनी वाट्यांनी खाल्लं.

पथ्यपाणी

मी तुपाचं नावही घेतलं नव्हतं, तुम्हीच आणलंत, तर हिशोब होऊनच जाऊ दे.

एक मोठा चमचा तूप म्हणजे साधारण १४ ग्रॅम, त्यात ८-९ ग्रॅम संपृक्त चरबी. दोन हजार कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबीची मर्यादा दिवसाला सुमारे २२ ग्रॅम. बाफला, म्हणजे कणकेचा गोळा, उकडून, भाजून तुपात बुडवून काढला, वर फोडून आणखी चमचा ओतला, डाळीवर एक, शेवटी चुरम्यात दोन. दिवसाची मर्यादा पहिल्या दोन बाफल्यांतच ओलांडली. संपृक्त चरबीने यकृतावरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी होतात, म्हणून रक्तात ते रेंगाळतं. तूप देशी गाईचं असलं तरी यात फरक पडत नाही. आजोबा वाट्यांनी तूप खात, आणि शेतावर दिवसाला पंधरा किलोमीटर पायीही चालत. १४० एलडीएल असलेल्या माणसाला गरम वरण-भातावर चहाचा एक चमचा तूप पुष्कळ. बाफले रविवारी करा, भाजून वरून चमचाभर सोडा, बुडवू नका. वनस्पती तूप मात्र घरात आणूच नका.

सुदामानगर_वहिनी

सगळ्यांचे आभार. बीपीची वही आजच सुरू केली. दोन शंका: आम्ही साधं मीठ सोडून सैंधव वापरतो, ते बीपीला चालतं ना? आणि हे चतुर्थी-एकादशी करतात, त्या दिवशी गोळ्या घ्यायच्या की नाही?

काउंटरपलीकडून

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीच्या दृष्टीने साध्या मिठात आणि त्यात सांगण्यासारखा फरक नाही. उलट त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि ‘चांगलं आहे’ म्हणून हात सैल पडतो. काळ्या मिठाचंही तेच. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो, ते बीपीला खरंच उपयोगी. पण किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतली बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका. पोटॅशियम चढलं तर ठोके बिघडतात.

उपासाच्या दिवशी बीपीची आणि स्टॅटिनची गोळी नेहमीच्या वेळी, पाण्याबरोबर, घ्यायचीच. ‘रिकाम्या पोटी कशी घेऊ’ म्हणून महिन्यातून चार दिवस गोळी चुकवणारे फार, आणि पाचव्या दिवशी बीपी का वाढलं म्हणून विचारतात. मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. ग्लिमेपिराइडसारखी साखर ओढून खाली आणणारी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम पडते, तो बदल डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. आणि साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या खाऊन उपास होत नाही, साखर चढते. राजगिरा, ताक, शेंगदाणे, फळ यांवर भागवा.

स्टॅटिनबद्दल जे पसरलंय त्यातलं थोडं. अ‍ॅटोर्वा आणि रोसुवा (दोन्ही स्टॅटिनच) दिवसात कधीही घेतली तरी चालते, रात्रीचंच बंधन जुन्या सिमवास्टॅटिनचं. डोस दुप्पट केला म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. दर दुपटीला एलडीएल फक्त सहा टक्क्यांच्या आसपास आणखी उतरतं. म्हणून दोन महिन्यांनी आकडा पुरेसा उतरला नाही तर डॉक्टर बऱ्याचदा एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडतात. आणि आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक: तो आकडा गोळीनेच आलाय, बंद केली की काही आठवड्यांत जिथून उतरला तिथे परत. दोन्ही मांड्या किंवा दंड सारखे दुखायला लागले, लघवी गडद झाली तर थांबवून दाखवा; एका गुडघ्याचं दुखणं स्टॅटिनच्या माथी मारू नका. अर्जुनसाल, लसूण यांचा काढा स्टॅटिनच्या जागी बसत नाही.

आणखी एक, कोणी विचारलं नाही तरी. पाठदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन रोज खाण्याने बीपी वाढतं आणि अटॅकचा धोकाही. गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही म्हणणाऱ्यांच्या पिशवीत बऱ्याचदा हीच निघते.

तंबाखू. धूर नाही म्हणून हृदय वाचत नाही, निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि प्रत्येक पुडीला ठोके-बीपी वर चढतं. सोडायला निकोटिनचं च्युइंगम आहे, पण ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळलं तर मळमळ होते आणि लोक दुसऱ्या दिवशी फेकतात. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, त्याने निकोटिन शोषलंच जात नाही. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पुडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं (ते चिठ्ठीवर), नाहीतर २. सरकारी मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६.

रात्रपाळी

तिसरा प्रश्न राहिला, तो सगळ्यात घाईचा.

घरी बसून गॅस की हार्ट हे खात्रीने ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) यांशिवाय येत नाही. पण शंका कधी घ्यायची ते सांगता येतं. छातीच्या मधोमध दडपण, कोणी वरवंटा ठेवल्यासारखं. बोटाने एक जागा दाखवता येत नाही, माणूस सगळा पंजा छातीवर ठेवतो. जबडा, खांदा, डावा किंवा दोन्ही हात, पाठ, वरचं पोट इकडे पसरणं. गार घाम. हे पाच-दहा मिनिटांत गेलं नाही तर वाट बघू नका. बायका, वयस्क आणि मधुमेही यांच्यात छाती दुखेलच असं नाही. एकाएकी धाप, उलटी, कमालीचा थकवा एवढंच येतं. ढेकर आली, बरं वाटलं, म्हणून हार्ट नाही असं होत नाही. इनो पाजून तासभर बघत बसणं हाच सगळ्यात महागात पडणारा तास.

१०८ फिरवा. माणसाला जिना उतरवू नका, गाडी चालवू देऊ नका, स्कूटरवर मागे तर मुळीच नको. शुद्धीवर असेल तर एस्पिरिन ३००-३२५ मिलिग्रॅम चावून, पाण्याने गिळून नाही. एस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातून रक्तस्राव, किंवा तोंड वाकडं-बोलणं अडखळतंय (मग तो मेंदूचा झटका) असेल तर देऊ नका. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची सवय घराघरात आहे. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली नाही त्याला देऊ नका. बीपी आधीच पडलं असेल तर ती आणखी पाडते, आणि चोवीस तासांत सिल्डेनाफिल किंवा अठ्ठेचाळीस तासांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक ताकदीच्या गोळ्या) घेतलं असेल तर जीवावर बेतते. हे विचारायला लाजू नका.

जोरजोराने खोकत राहा म्हणजे अटॅक थांबतो, हा फॉरवर्ड खोटा आहे. बेशुद्ध होऊन श्वास थांबला किंवा नुसत्या आचक्या येत असतील तर पाठीवर कडक जमिनीवर झोपवा, पलंगावर नाही. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक, कोपर सरळ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी दुसऱ्याने घ्यायचं, कारण थकला की दाब उथळ होतो आणि करणाऱ्याला कळत नाही.

आणि हे आजच करून ठेवा, रात्री दोनला सुचत नाही: घराजवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा, अँजिओप्लास्टीची कॅथलॅब चोवीस तास चालू असते का, रविवारीही. धमनी पूर्ण बंद असेल तर पोचल्यापासून ९० मिनिटांत ती उघडायचं लक्ष्य असतं. जिथे कॅथलॅब नाही आणि दोन तासांत कुठे पोचणंही शक्य नाही, तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात. पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालू असेल तर पुन्हा काढायला सांगा, ट्रोपोनिनही काही तासांनी दुसऱ्यांदा. ‘ईसीजी नॉर्मल, घरी जा’ एवढ्यावर उठू नका. नावं, नंबर, चालू गोळ्या, जुना ईसीजी, सगळं एका पाकिटात घालून फ्रिजच्या दारावर लावा.

ठोके_७२

चालण्याचं कोणी बोललं नाही. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. मिनिटाला साधारण १०० पावलं. दोन दिवस थोडं वजन किंवा दंड-बैठका. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तर साखरेला वेगळा फायदा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला नेहरू पार्क किंवा मेघदूत उपवन गाठू नका; थंडीने नसा आवळतात, सकाळचं बीपी तसंही चढतं असतं. ऊन पडल्यावर, कानाला गुंडाळून, पहिली पाच मिनिटं सावकाश. चालताना छातीत दडपण येऊन थांबल्यावर जात असेल तर चालणं बंद करून आधी डॉक्टर.

वहिनी, हे घोरतात का? दिवसा पेंगतात का? बीपीशी त्याचा संबंध असतो, म्हणून वहीत तेही एका ओळीत लिहून न्या.

सुदामानगर_वहिनी

घोरतात, शेजारच्या खोलीत ऐकू येईल इतकं. आणि मध्येच श्वास अडकून दचकतातही. लिहिते.